इंदुरात जुनं घर घेतलंय? टाइल्स बघायला जाण्याआधी हे वाचा

पुणे, नाशिक, नागपूर, जळगावकडून नोकरीसाठी इंदूरला आलेली बरीच मराठी मंडळी दोन-चार वर्षं भाड्यानं राहून मग इथेच घर घेतात, आणि फ्लॅट नको म्हणून सुदामा नगर, वैशाली नगर, लोकमान्य नगर, रामबाग, राजमोहल्ला अशा भागातलं पंचवीस-तीस वर्षांचं जुनं घर घेतात. चांगलं करतात, आपली माणसं शेजारी असतात, गणपतीला एकटं वाटत नाही. पण घर ताब्यात आलं की पहिल्या रविवारी सगळे टाइल्स नि मॉड्यूलर किचन बघायला निघतात, इथेच माझा जीव वर-खाली होतो. इंदुरात घरावर पैसा कुठल्या क्रमानं घालायचा हे इथली माती आणि इथलं पाणी ठरवतं. आधी कागद, मग जमीन, मग पाणी, मग छत, आणि हे सगळं झालं की टाइल्स. हा क्रम उलटा केला की दोन पावसाळ्यांत नवीन टाइल उखडते, नवीन रंगावर ओल येते आणि सगळं पुन्हा तोडावं लागतं.

पायरी पहिली: कागद

महाराष्ट्रातून आलेल्यांना सातबारा, गुंठा, ग्रामपंचायत नमुना आठ याची सवय असते. इथे खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर नि नोंद), बी-१ (खातेदाराचा उतारा), डायव्हर्शन (आपलं एनए), नामांतरण (आपला फेरफार) हे शब्द ऐकायला मिळतील. रजिस्ट्री झाली म्हणजे झालं असं समजू नका, नगर निगममध्ये नामांतरण करून संपत्तीकराचं खातं आणि नळाचं खातं तुमच्या नावावर करून घ्या, कारण पुढे नक्शा, म्हणजे बांधकामाचा आराखडा, पास करायचा असो की ड्रेनेजचं नवं कनेक्शन, पहिला प्रश्न "संपत्तीकर भरलाय का आणि कुणाच्या नावानं" हाच असतो.

मग घर कुठल्या प्रकारच्या जमिनीवर आहे ते बघा. इंदूर विकास प्राधिकरणाची स्कीम आहे, हाउसिंग बोर्डाची कॉलनी आहे, गृहनिर्माण सहकारी संस्थेचा प्लॉट आहे, नजूलची, म्हणजे सरकारी मालकीची जमीन आहे, की नोटरीवर विकलेली अवैध कॉलनी आहे. प्राधिकरण आणि बोर्डाच्या जागा बऱ्याचदा लीजवर असतात, लीज चालू आहे का, फ्री होल्ड, म्हणजे कायमच्या मालकीची, झालीय का हे विचारा. संस्थेच्या प्लॉटला टाउन अँड कंट्री प्लॅनिंगनं मंजूर केलेला लेआउट असायला हवा.

यानंतरचं काम फार कमी लोक करतात आणि ते सगळ्यात मोलाचं आहे. विकणाऱ्याकडून पास झालेला जुना नक्शा मागा आणि टेप घेऊन घर मोजा. प्लॉटच्या चारी बाजूंना जी मोकळी जागा सोडायची असते तिला इथे सगळे एमओएस म्हणतात, आणि जुन्या घरांमध्ये तिथेच मागे बाथरूम, बाजूला जिना, पुढे दुकान असं काहीतरी वाढवलेलं सापडतं. परमिशनपेक्षा जास्त किंवा वेगळं बांधलेलं असेल तर १९५६ च्या नगर पालिक निगम अधिनियमातल्या कलम ३०७ खाली नोटीस येऊ शकते, आणि ती आज मालक असलेल्याला येते, बांधणाऱ्याला शोधत कुणी जात नाही. काही मर्यादेपर्यंतचं जास्तीचं बांधकाम फी भरून नियमित करता येतं, त्याला कंपाउंडिंग किंवा प्रशमन म्हणतात, पण एमओएस पूर्ण खाल्लेला असेल किंवा सरकारी जागेवर पाय टाकलेला असेल तर ते होत नाही. घर घ्यायच्या आधी हे कळलं तर किमतीत बोलता येतं.

आणि जुन्या भागात, म्हणजे राजवाडा, मल्हारगंज, जवाहर मार्ग, जूनी इंदूर या पट्ट्यात घर असेल तर मास्टर प्लॅनमध्ये समोरचा रस्ता किती रुंद दाखवलाय ते नक्की बघा. इथे रस्ते रुंद करताना घरांचे पुढचे भाग तोडले गेलेत, अनेक गल्ल्यांमध्ये अजूनही कापलेल्या भिंती दिसतात. जो भाग रुंदीकरणात जाणार आहे त्यावर नवीन ग्रॅनाइट आणि लोखंडी जाळी लावून पैसे घालवू नका.

पायरी दुसरी: परमिशन कधी लागते, कधी नाही

मध्य प्रदेशात बांधकामाचे नियम म्हणजे भूमि विकास नियम २०१२. रंग, पांढरा चुना, प्लास्टरचं पॅचवर्क, फरशी बदलणं, फॉल्स सीलिंग, आतली हलकी पार्टिशन, छपराची कौलं-पत्रे बदलणं, दार-खिडकी आपल्याच भिंतीत उघडणं किंवा बंद करणं, अशा दुरुस्तीला नक्शा पास करायची गरज नसते, अट एवढीच की त्यानं दुसरा कुठला नियम मोडता कामा नये. वरचा मजला, नवीन खोली, नवीन स्लॅब, गॅलरी पुढे काढणं, भार घेणारी भिंत पाडणं, पूर्ण घर पाडून बांधणं, याला परमिशन लागतेच.

नक्शा ऑनलाइन जातो, त्या सिस्टीमला एबीपीएएस म्हणतात, पण तुम्ही स्वतः तो टाकू शकत नाही, नगर निगमकडे नोंदणी असलेला आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लागतो. रजिस्ट्री, नामांतरण, चालू वर्षाची संपत्तीकराची पावती, लेआउटची कॉपी, साइटचे फोटो आणि वरचा मजला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट, एवढं तयार ठेवा. लहान प्लॉटसाठी डीम्ड, म्हणजे मिळालीच असं धरलेल्या परमिशनची सोपी सोय आहे, आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत विचारा की तुमचा प्लॉट त्यात बसतो का. परमिशन फीशिवाय बांधकामाच्या खर्चावर कर्मकार उपकरही लागू शकतो, तुम्हाला लागतो का ते विचारून बजेटमध्ये धरा. आणि प्लॉट १४० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, त्याची अनामत निगमकडे ठेवावी लागते आणि काम करून दाखवलं की परत मिळते. ही परत मागायला लोक विसरतात, तुम्ही विसरू नका.

आर्किटेक्ट "सगळं करून देतो" म्हणाला तरी पास झालेला नक्शा आणि परमिशनचा कागद स्वतःच्या हातात घ्या, त्यावरची मुदत वाचा, आणि एक कॉपी साइटवर ठेवा.

पायरी तिसरी: काळी माती

आता मुख्य गोष्ट. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, खाली बेसॉल्टचा काळा खडक आणि वर त्याच्यापासूनच झालेली काळी माती. सोयाबीन नि गव्हाला ही माती सोनं, घराला मात्र त्रासाची. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघा, हात जाईल एवढ्या भेगा असतात, आणि जुलैमध्ये त्याच जागी चिखल. घराचा पाया जर या मातीतच थांबलेला असेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि भिंती त्याची नोंद ठेवतात.

जुन्या घरात म्हणून भेगा वाचायला शिका. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतील तर ते बहुतेक प्लास्टरला नीट पाणी न मारल्यामुळे, त्याची चिंता करू नका. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग, विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग, उन्हाळ्यात रुंद होणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग, सोबत दार कधी घट्ट कधी सैल, हे मातीचं काम आहे. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहून ठेवा, आणि रुंदी मोजून लिहा. एक उन्हाळा-पावसाळा गेला की कळेल घर कुठे आणि किती हलतं. आणि मे महिन्यात भेग सगळ्यात उघडी असताना तिच्यात सिमेंट ठासून भरू नका, पावसात माती फुगली की भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि भेग शेजारी दुसरीकडे निघते.

मग करायचं काय? पाया काळ्या मातीतून खाली, मुरूम किंवा खडकापर्यंत गेलाय का ते आधी बघा. घराच्या एका कोपऱ्याला बाहेरून पायाला लागून छोटा खड्डा खणायला सांगा, इंजिनिअरला समोर उभं करा. काळी माती कुठे संपते, पिवळा-भुरा मुरूम कुठे लागतो आणि तुमचा पाया त्याच्या वर थांबलाय की आत गेलाय ते डोळ्यानं दिसतं. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि वरचा मजला चढवायचा असेल तर याच्याशिवाय पुढे जाऊच नका. जुनी बरीच घरं कॉलमशिवाय नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभी आहेत, ठेकेदार सांगतो "बहुत मजबूत है साहब, दो मंजिल और चढ़ा लो", पण ठेकेदाराचं तोंडी आश्वासन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही यात फार अंतर आहे.

नवीन बांधकामच असेल तर काळी माती उथळ असेल तिथे ती काढून मुरमावर पाया घेतात, खोल असेल तिथे अंडर-रीम्ड पाइल घालतात, म्हणजे खाली फुगा असलेला काँक्रीटचा खुंट, जो ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन पकडतो. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केलीय. खर्च वाढतो, पण पायात वाचवलेला पैसा नंतर कुठल्याच मार्गानं भरून काढता येत नाही.

सगळ्यांना लागू पडणाऱ्या दोन गोष्टी. एक, प्लिंथ, म्हणजे जोतं, भरताना खोदकामात निघालेली काळी माती परत आत टाकू देऊ नका. फुकट असते म्हणून ठेकेदार तेच करतो, आणि दोन वर्षांनी खोलीच्या मधोमध फरशी खचते किंवा उचलते. मुरूम मागवा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. फरशी बदलायला जुनी उखडलीच आहे तर खाली काय भरलंय ते बघून घ्या, काळं निघालं तर तेव्हाच काढा. दोन, घराभोवती तीन फूट रुंद पक्का पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी पायाजवळ मुरत नाही. कूलरचं पाणी, एसीची नळी, गळका चेंबर, तुळशीजवळचा सतत टपकणारा नळ, या सगळ्यामुळे एकाच कोपऱ्याची माती फुगते आणि घर वाकडं होतं. भिंतीला लागून मोठं झाड लावू नका, ते उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं.

जुन्या वस्तीत अजून एक गोष्ट शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायची: इथे विहीर किंवा बावडी (पायऱ्यांची विहीर) होती का? इंदुरात कितीतरी बावड्या बुजवल्या किंवा नुसत्या झाकल्या गेल्यात. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. त्या दिवसाबद्दल लिहिताना आजही हात थांबतो. तुमच्या अंगणात एखादी जागा पोकळ वाजत असेल, एकाच ठिकाणी फरशी सारखी बसत असेल, तर ती उघडून बघितल्याशिवाय त्यावर टाकी, जिना, गाडी काहीही ठेवू नका.

पायरी चौथी: पाणी येणं आणि पाणी जाणं

शहराला नर्मदेचं पाणी १९७८ पासून मिळतंय, जलूदहून साधारण ७० किलोमीटर पाइपातून, घाट चढवून आणलेलं. बहुतेक भागात ते एक दिवसाआड येतं आणि प्रेशर कमी असतं, त्यामुळे जमिनीतली टाकी, ज्याला आपण होद म्हणतो, ती हवीच. चार माणसांच्या घराला दिवसाचे साडेपाचशे लिटर धरा, दोन दिवसांचे अकराशे, आणि एखाद वेळी लाइन फुटली तर म्हणून अडीच-तीन हजार लिटरचा होद करा. ६ बाय ४ फूट आणि पाण्याची उंची साडेचार फूट, की तीन हजार लिटर झाले.

होद कुठे करायचा हे स्वस्तात ठरवू नका. ड्रेनेजच्या चेंबरपासून आणि टॉयलेटच्या लाइनपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, झाकणाची कड जमिनीपेक्षा वर ठेवा, नाहीतर पहिल्या मुसळधार पावसात अंगणातलं सगळं आत जातं. जुन्या घरांमध्ये नळाची लोखंडी लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकाच चरातून नेलेली सापडते, लोखंड गंजलेलं असतं, आणि नळाला पाणी नसतं तेव्हा बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. दुरुस्तीला पहिले पैसे इथे लावा. लाइन वेगळी करा, नवी टाका, वर ठेवा.

बोरिंग आहे म्हणून निश्चिंत राहू नका. खडकातलं पाणी जड असतं, नळ नि गीझर पांढरे पडतात, आणि उन्हाळ्यात अनेक बोरिंग आटतात. नवी बोरिंग करायची असेल तर लक्षात घ्या, १९८६ च्या पेयजल परिरक्षण कायद्याखाली जिल्हा प्रशासनानं अलीकडच्या उन्हाळ्यांत खाजगी बोरिंगवर बंदी घातलीय, त्यामुळे मार्चनंतर मशीन बोलवायचा प्लॅन करू नका. त्याऐवजी गच्चीचं पाणी जमिनीत सोडा. इंदुरात वर्षाला ९५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर ८८ हजार लिटरच्या आसपास पडतं, ते फिल्टर करून बोरिंगमध्ये किंवा शोषखड्ड्यात गेलं तर तुमचंच भलं. फक्त शोषखड्डा पायापासून लांब, वरची काळी माती आठवते ना.

पाणी जाण्याचं बघताना रस्त्याची पातळी बघा. सिमेंटचे रस्ते झाले, वर थर चढले, आणि जुन्या घरांचे ओटे रस्त्यापेक्षा खाली गेले. पावसात उंबऱ्यापाशी पाणी येत असेल तर फरशी बदलतानाच आतली पातळी उचलायचा विचार करा, मात्र खोलीची उंची त्यानंतर पावणेतीन मीटरपेक्षा कमी होणार नाही ना हे आधी मोजा.

पायरी पाचवी: छत

मान्सून इथे साधारण जूनच्या मध्यात येतो. वॉटरप्रूफिंगचं काम एप्रिल-मे मध्ये संपवा, कारण जूनमध्ये प्रत्येकाला तोच मिस्त्री हवा असतो आणि भाव तो सांगेल तो. गच्चीवर आधीच्या मालकांनी कोब्यावर कोबा चढवला असेल तर नवीन थर टाकण्याआधी जुना काढून टाका, ते सगळं ओझं स्लॅबवर असतं. उतार शंभरात एक तरी हवा, कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई हवी, पाण्याचे पाइप मोठे हवेत. काम झालं की गच्चीचे नळ बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवा, खालून ओल आली नाही तरच पुढचे पैसे. वर पांढरा कोटिंग किंवा चिनी मोझेक केलं तर मे महिन्यात, पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हा, वरच्या खोल्यांना खूप फरक पडतो. माळव्यात रात्री हवा उतरते, ती आत येईल अशा समोरासमोर खिडक्या असतील तर त्या बंद करून एसी लावायची घाई करू नका.

जुन्या इंदुरातल्या वाड्यांना, जिथे सागवानी खांब-तुळया आणि मध्ये विटा, किंवा लोखंडी गर्डरवर फर्शीचं छत आहे, वरचे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत. त्या भिंती चुन्याच्या आहेत, त्यांना बाहेरून सिमेंटचं घट्ट प्लास्टर मारलं की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतं. चुन्याचं काम चुन्यानंच करा, कारागीर मिळतात, शोधावे लागतात. होळकरांच्या राजवाड्याचंच बघा, खालचे तीन मजले दगडाचे नि वरचे चार लाकडाचे, लाकडी काम नीट राखलं तर किती टिकतं आणि १९८४ सारखी आग लागली तर काय होतं, दोन्ही तिथे दिसतं. म्हणून अशा घरात पहिलं काम जुनी वायरिंग पूर्ण बदलणं. आणि इमारत जीर्ण वाटत असेल तर सजवायला जाऊ नका, आधी तपासणी. ३१ मार्च २०१८ ला सरवटे बस स्टँडजवळ जुनी इमारत कोसळून १० जण गेले होते.

पायरी सहावी: खर्च कसा काढायचा

ठेकेदार दोन प्रकारे भाव देतो, लेबर रेट (फक्त मजुरी) आणि विथ मटेरियल (मालासकट). विथ मटेरियल नवीन बांधकामाचा भाव सध्या साधारण दीड हजारापासून सव्वादोन हजार रुपये स्क्वेअर फूट ऐकायला मिळतो, पण हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्यात पाया किती खोल धरलाय, होद आहे का, कंपाउंड वॉल आहे का, खिडक्या कशाच्या, टाइल किती रुपयांपर्यंतची, वायर नि नळ कुठल्या कंपनीचे, हे लिहून घ्या. आणि स्क्वेअर फूट कसा मोजणार तेही, छज्जा नि गॅलरी पूर्ण की अर्धी, जिना एकदा की दोनदा. भांडणं इथेच होतात.

दुरुस्तीसाठी मी सांगेन लेबर रेट घ्या आणि माल स्वतः आणा, आणि मालाचं गणित आपण करायचं. उदाहरण म्हणून १२ बाय १५ ची खोली, पाच इंची स्लॅब. ७५ घनफूट काँक्रीट झालं. सिमेंट, रेती, गिट्टी एकास दीडास तीन प्रमाणात घेतली तर त्याला साधारण १७ पोती सिमेंट, ३२ घनफूट रेती, ६३ घनफूट गिट्टी लागते, आणि लोखंड इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणे, अंदाजे पावणेदोन ते दोन क्विंटल, बीमचं वेगळं. आता ठेकेदारानं तीस पोती मागितली तर तुम्ही विचारू शकता, कशाला? सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या भावाचं कोटेशन कुणी दाखवलं तर नवीन मागा. पक्कं बिल घ्या.

रेती इथे नर्मदेची येते, आणि पावसाळ्यात नदीतून काढायला बंदी असते म्हणून तेव्हा भाव चढतात. विटांच्या भट्ट्याही पावसात बंद. त्यामुळे विटा आणि रेती मे महिन्यातच घ्या, झाकून ठेवा. काळी गिट्टी मात्र जवळच्या क्रशरवरून बारा महिने मिळते, क्रशरची रेतीही चालते, प्लास्टरला चाळून घ्या. डंपर आला की फुटपट्टी घेऊन मोजा, ड्रायव्हर सांगेल तेवढे फूट त्यात बहुधा नसतात. हार्डवेअरसाठी सियागंज, इलेक्ट्रिकच्या सामानासाठी महाराणी रोड, दोन-तीन दुकानं फिरा, कॉलनीतल्या दुकानापेक्षा फरक जाणवतो. बाथरूम, जिना, अंगण यासाठी कोटा स्टोन अजूनही चांगला, राजस्थान शेजारीच आहे, पॉलिश न केलेला फारसा घसरत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो.

एकूण बजेटच्या १५ टक्के बाजूला ठेवा, जुन्या घरात भिंत फोडली की आत काय निघेल ते आधी कळत नाही.

पायरी सातवी: कामावर लक्ष

स्टॅम्प पेपरवर करार करा, पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे, ॲडव्हान्स कमी. मजुरांचं वेळापत्रक समजून घ्या. इथे कामाला येणारी बरीच माणसं झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची असतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया असतो, तेव्हा सगळे गावी जातात आणि जायलाच हवं, त्यांचा वर्षाचा सण आहे. जून-जुलैत पेरणीला जातात. तुमचा स्लॅब त्या आठवड्यात भरायचा ठेवू नका, आणि जाण्याआधी त्यांचा हिशेब पूर्ण चुकता करा, मग तीच माणसं परत येतात.

स्लॅब भरल्यावर सेंट्रिंग लवकर काढायची घाई असते कारण पाट्या दुसऱ्या साइटला हव्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्यापेक्षा मोठ्याला १४, आणि बीमचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. पाणी मारणं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असेल तर कमीत कमी १० दिवस, इथल्या उन्हाळ्यात चौदा दिवस धरा, गोणपाट घालून किंवा मातीच्या पाळी करून. हे स्वतः बघा, ठेकेदाराच्या भरवशावर नको.

खणण्याआधी गॅसची पाइपलाइन समोरून गेलीय का विचारा. बांधकामाला घरगुती मीटरवरून वीज वापरू नका, वीज कंपनीचं टेम्पररी कनेक्शन घ्या. मलबा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकला तर दंड होतो आणि व्हायलाच हवा, २०१७ पासून या शहरानं सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलाय. इंदूर ३११ ॲपवर सांगितलं की निगमची गाडी फी घेऊन मलबा नेते, देवगुराडियाच्या प्लांटमध्ये त्याचे पेव्हर ब्लॉक बनतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, रेती त्यांच्या दारात पडणार असेल तर दोन दिवस आधी जाऊन बोला.

प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, वायर आणि पाइप दिसत असतानाचे, टेप लावून फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात. वरचा मजला झाला असेल तर संपत्तीकराच्या खात्यात नवीन एरिया स्वतःच भरा, मागाहून सापडलं तर दंडासकट भरावं लागतं. गच्चीवर जागा उरली असेल तर पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटच्या सोलरला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, त्याचे स्टँड वॉटरप्रूफिंगच्या आधी बसवून घ्या, नंतर ड्रिल मारलं तर गळती तिथूनच सुरू होते. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता, मग तो दहा टक्के असो की पाच, जुलैमधला एखादा जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, सगळ्या खोल्यांची छतं आणि खिडक्यांचे कोपरे हात लावून बघितल्यानंतरच द्या, हे करारात आधीच लिहिलेलं असू द्या.